डबा उघडल्यानंतर

४ फेब्रुवारी

छोटे,

चार वर्षांनी लिहिते आहे म्हणून हुरळून जाऊ नकोस. तुझी ख्यालीखुशाली विचारायला हे पत्र नाही, ती मला तुझ्या लेकीकडून कळली. केमोचं तिसरं इंजेक्शन झालं, केस गेले, रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार तळाला गेल्या. आता साधं पोट बिघडलं तरी जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलंय. हे सगळं तिने एका पानात आटोपलं. पुढची दोन पानं तुझ्या फ्रिजवर आहेत. माझी भाची शोभते.

तिने यादीच केली आहे. मक्याचा डबा, अर्धा, वर बशी. टोमॅटोचा, वर काहीच नाही, काठाला तांबूस गंज. अननसाच्या चकत्या, त्यात काटा उभा खोचलेला. मासे, पत्र्याचं झाकण अर्धवट मागे वळवलेलं. आणि वाटाण्याचा एक डबा, जो कधी फोडला ते घरात कुणालाच आठवत नाही. हा फ्रिज आहे की भंगाराचं दुकान? तिने काही बोलायला तोंड उघडलं की तू म्हणतेस, माझ्या स्वयंपाकघरात मला कुणी शिकवायचं नाही.

बाई, तू बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंस. फळ्यावर जंतूंची चित्रं काढलीस, त्यांना बाण मारून नावं दिलीस. तेच जंतू तुझ्या घरी येऊन मासे खातील, हे कुठल्या धड्यात नव्हतं वाटतं. मी चौथीतून शाळा सोडलेली. जे शिकले ते डब्यांवरची बारीक अक्षरं वाचून शिकले, आणि सत्तावीस वर्षं वसतिगृहाची कोठी सांभाळली. दोनशे मुलींचं धान्य, डबे, किल्ल्या, सगळं माझ्या कमरेला. तू लोकांना सांगायचीस, आमची अक्का तिकडे किराणा बघते.

तुझे साहेब म्हणे म्हणतात, डबा कारखान्यातून पक्का बंद होऊन येतो, मग भीती कसली. बंद असतो तोवर नसते. हवा लागली की तो डबा आणि वाटीतलं उरलेलं कालवण सारखंच. त्या गृहस्थांनी जन्मभर विमा कंपनीत बसून लोकांचे धोके मोजले, घरचा एक मोजता येईना.

आता ऐक, आणि त्यांनाही वाचून दाखव. डबा फोडण्याआधी त्याचं तोंड धुवायचं, फोडायचं हत्यारही धुवायचं. दुकानाच्या फळीवर त्याच्यावरून काय काय धावलं असेल ते विचारू नकोस. उरलेलं डब्यात ठेवायचं नाही. काचेच्या नाहीतर स्टीलच्या स्वच्छ भांड्यात काढायचं, घट्ट झाकण लावायचं, वर चिठ्ठी चिकटवून त्या दिवसाची तारीख घालायची. मग लगेच फ्रिजमध्ये, आतल्या बाजूला. दारात नाही, तुमच्याकडे ते दार दिवसातून साठदा उघडतं. मासे, मका, वाटाणे तीन दिवस, फार तर चार. टोमॅटो, अननस आंबट, ते पाच-सहा दिवस दम धरतात. चमचा स्वच्छ, तोंडातला नव्हे. बाकीचं शेंबड्या पोरालाही कळतं, ते लिहीत बसत नाही.

फोन केला असता, पण माझा आवाज ऐकून तू ठेवून दिला असतास. कागद तू वाचल्याशिवाय टाकत नाहीस, एवढं मला माहीत आहे.

अक्का


१५ फेब्रुवारी

छोटे,

तुझं कार्ड मिळालं. 'सल्ल्याबद्दल आभार. माझं स्वयंपाकघर म्हणजे तुझी कोठी नव्हे.' चार वर्षांचा अबोला मोडायला बाईसाहेबांना एवढेच शब्द सापडले. अक्षर मात्र हललंय. 'स्वयंपाकघर' लिहिताना दोनदा पेन उचललंस.

साहेबांचा फोन आला होता. न्हाणीघरातून बोलत असावेत, मागे नळ सोडला होता, म्हणजे तुला ऐकू जाऊ नये म्हणून. मला वाटलं तुझं काही जास्त झालं. तर म्हणतात कसे, अक्का, एक डबा वरून जरा फुगलाय, पण वास चांगला येतोय, चालेल का? मी विचारलं, न फोडता वास कुठून आला? तर म्हणाले, फोडला. फोडताना फुस्स झालं. थोडं चाटूनही पाहिलं, चव बरी होती.

असा माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल. फुगलेला, गळका, शिवणीवर चेपलेला डबा न फोडता, न चाखता, पिशवीत बांधून फेकायचा असतो. हे मी त्यांना बोलले, आणि आणखीही बरंच बोलले. मग ते हळूच म्हणाले, हिला काहीच जात नाही, डब्यातलं तेवढं दोन घास खाते. मला दुसरं काही करता येत नाही हो.

मी म्हटलं, रडू नका, नळ बंद करा, पाणी वाया जातंय.

बरण्या नाहीत म्हणून डब्यातलं डब्यातच राहतंय, हेही कळलं. तेवीस तारखेपर्यंत पोचतील अशा बारा बरण्या पाठवते आहे. उकळत्या पाण्यातून काढल्यात, उन्हात वाळवल्यात, झाकणं वेगळी बांधलीत. चिठ्ठ्यांची वळकटीही टाकली आहे. पार्सल आलं की त्याच दिवशी फ्रिजमधलं सगळं डब्यांतून काढून बरण्यांत भरायला सांग, आणि तारखा घालायला सांग. तेवढं तरी त्या हातांना जमेल. नाही जमलं तर लेकीला सांग.

तू म्हणशील, बरण्या परत पाठवते. पाठव. पार्सलचा खर्च तुझ्या साहेबांच्या डोक्यावर बसू दे.

अक्का


२ मार्च

छोटे,

तुझ्या लेकीने दवाखान्यातून फोन केला तेव्हा मी पीठ चाळत होते. चाळणी तशीच हातात धरून अर्धा तास उभी होते म्हणे, शेजारीण सांगते.

चार दिवस ताप, सलाईन, कुणाला आत सोडत नाहीत. शेवटचं काय खाल्लं म्हणून डॉक्टरांनी विचारलं, तर साहेबांनी छाती पुढे काढून सांगितलं, मासे, पण अगदी नियमाने ठेवलेले. बरणीवर तारीखसुद्धा आहे. आणि खरंच होती. तेवीस. तू खाल्लेस सव्वीसला. हिशेबाने तीनच दिवस.

पण डबा फोडला होता अठराला. पाच दिवस पत्र्यात, वर बशी. बरण्या आल्यावर तेच मासे काचेत काढले आणि वर ऐटीत लिहिलं तेवीस. काचेत घातलं की शिळं ताजं होतं, असा त्यांचा समज. एवढी शिकलेली माणसं, आणि अक्कल अशी गहाण टाकतात. नव्या कपड्यांत बसवलं म्हणून म्हातारा तरुण होतो का? मी त्यांना फोनवर हेच म्हटलं. म्हटलं, माझ्या बहिणीला काही झालं तर तुमच्या त्या बरणीवर तुमचंच नाव लिहीन. त्यांनी फोन ठेवला नाही.

आता पुरे झालं. तू घरी आलीस की मी येते. स्वयंपाकघर माझ्या ताब्यात दे, बाकी तुझी खोली तुझी, माझं तोंडही बघू नकोस. तुझ्यासाठी जे करीन ते ताजं, त्या त्या वेळचं. डब्यातलं हवं असेल तर सगळ्यात लहान डबा फोडायचा, वाफा येईस्तोवर गरम करायचा, तुला एकदा वाढायचं आणि उरलेलं दुसऱ्यांनी संपवायचं. तुझ्या आताच्या तब्येतीला 'ठेवलेलं' हा शब्दच नको.

हो किंवा नाही, एवढंच कळव. तुझ्या शाळेच्या भाषेत, रिकाम्या जागा भर.

अक्का


११ मार्च

छोटे,

तू घरी आलीस, ताप उतरला, हे वाचून आधी पत्र कपाळाला लावलं. मग पुढचं वाचलं आणि ते पत्र पिठाच्या डब्याखाली घातलं. संध्याकाळी परत काढलं.

'पुन्हा तेच, अक्का. तेव्हा वसतिगृहात स्वयंपाक करणारी ती डाववाली, आता माझा नवरा. त्यांनी तू लिहिलंस तेच केलं. तुझं पत्र माझ्याजवळ आहे, हवं तर पाठवते.'

नको पाठवूस. काय लिहिलं ते मला पाठ आहे. सगळं काढून भरा, तारखा घाला. आधी जुनं काय ते बघा, तीन दिवसांवरचं फेका, हे मी लिहिलं नाही. शेंबड्या पोरालाही कळतं म्हणाले. ज्याला डबा फोडता येत नाही त्याला कळणार कुठून? मी कोठीवाली, मला एक ओळ जास्त लिहायला काय झालं होतं? साहेबांना शिव्या घातल्या त्या मी मागे घेते. ते वेंधळे आहेत, पण खोटे नाहीत. घरात खोटं माणूस दुसरंच आहे.

तू ते नाव काढलंस म्हणून आता लिहिते. तोंडाने मला ते कधी बोलता येणार नाही.

तुझ्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तो दिवस. तू सकाळी फोन केलास, अक्का, लवकर ये, तुझ्याशिवाय माझं पान हलणार नाही. इतक्या वर्षांत तू मला पहिल्यांदा असं म्हणाली होतीस. दुपारच्या जेवणाला माशांचा मोठा डबा फोडला होता, निम्मा उरला होता. उरलेलं थंड कपाटात गेलं की नाही ते बघून कुलूप लावायचं, हे माझं काम. डाववालीचं नव्हे. तिचं काम चुलीवर. मी दोनला साडी बदलली. डबा ओट्यावर दिसला. वर ताट झाकलेलं होतं. वाटलं, ती ठेवेल. तिला सांगितलं नाही. हजेरीच्या वहीत 'पाच' लिहिलं आणि निघाले.

तो डबा उन्हाळ्यातल्या त्या दुपारी ओट्यावर तापत राहिला. अंधार पडता पडता कुणीतरी आत सरकवला, आणि सकाळी तो मुलींच्या पावात गेला. एकतीस मुली. दोघींना सलाईन. सगळ्या बऱ्या झाल्या, हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल. चौकशीला आले त्यांनी विचारलं, डबा उघडा कुणी ठेवला? मी वही पुढे केली. म्हटलं, पाचपर्यंत मी होते, तोवर सगळं आत होतं, पुढचं मला माहीत नाही. डाववाली माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, बाई आत्ता बोलतील. मी किल्ल्या मोजत होते. आठवड्यात तिला काढलं.

महिन्याने तुझ्याकडे पाहुणे असताना मी तुझा फ्रिज उघडून सगळं कचऱ्यात ओतलं, आणि लोकांसमोर तुला अक्कल शिकवली. माझ्या अंगात तेव्हा काय शिरलं होतं ते आता कळतं. जगातला प्रत्येक उघडा डबा मला माझ्याकडे बोट दाखवल्यासारखा दिसत होता. चौकशीत काय सांगितलं ते तुला मीच ऐकवलं होतं. तू शांतपणे म्हणालीस, "अक्का, पाचला सुटलेली बाई अडीचला माझ्या दारात कशी उभी होती गं?"

मी चप्पल घालून निघाले, कोठी सोडून इतक्या लांब राहायला आले, ती चार वर्षं. लोकांना सांगत फिरले, बहिणीला शिक्षणाचा गर्व आहे.

झालं. आता तरी येऊ का?

अक्का


२२ मार्च, सकाळ, तुझ्या स्वयंपाकघरातून

छोटे,

तुझं एका शब्दाचं 'ये' मिळालं तशी निघाले, पण काल रात्रीच्या प्रवासाने मला शिंका येताहेत, म्हणून तुझ्या खोलीचा उंबरा मी ओलांडणार नाही. तोंडाला कापड बांधून, हात तीनदा धुऊन काम करते आहे. ही चिठ्ठी लेक आत देईल.

तुझं स्वयंपाकघर बघितलं. साहेबांनी फ्रिजवर कागद लावलाय, 'सर्व पदार्थ तपासून घेणे'. खाली सही आणि कंपनीतला हुद्दा. आत सॉसच्या बाटल्या सात, त्यांपैकी चार रिकाम्या. भांडी घासायच्या फडक्याला मी हात लावला नाही, चिमट्याने उचलून टाकलं. साहेब बाजूला उभे राहून सगळं वहीत टिपून घेताहेत. मी ओरडले तरी टिपतात. आज त्यांना भाजी चिरायला शिकवली. बटाट्याचे तुकडे असे पडले, जणू कुणी रागाने फोडलेत. पण बोट कापलं तरी सोडून गेले नाहीत. माणूस वाईट नाही गं. तू त्यांना इतकी वर्षं ओट्याजवळ फिरकू का दिलं नाहीस?

साडेआठला तुला गाजराचं सूप आणि मऊ भात पाठवला. ताट तसंच परत आलं. वर तुझा कागद. 'आधी डाववालीला लिही. मला सांगून काय उपयोग? मला तर आधीच माहीत होतं. कपड्यांना इस्त्री करायच्या दुकानात आहे ती. पत्ता मागे आहे.'

म्हणजे तू तिला शोधलंस. मला एका शब्दाने न कळवता, या आजारपणात, हातात सुई असताना. आणि आता ताट परत पाठवून मला अट घालतेस. पांढऱ्या पेशी तुझ्या तळाला, आणि उपास कुणासाठी, तर त्या बाईसाठी, जिला तू एकदाही पाहिलं नाहीस. शाळेत पोरांना बाकावर उभं करत होतीस, तशी मला करतेस. मी तुझ्याहून अकरा वर्षांनी मोठी आहे. तुझी वेणी मी घातली आहे, तुझे दुधाचे दात मी सांभाळून ठेवले होते. हा हट्ट तुझ्या अंगात कुठून आला? आईच्या अंगात नव्हता, बाबांच्याही नव्हता.

सूप टाकून दिलं. ताजं लावते आहे. दहाला परत पाठवीन. दहाला खाल्लं नाहीस तर साडेअकराला. माझ्याकडे गाजरं पुष्कळ आहेत.

अक्का


२२ मार्च, दुपार

बाई,

तुम्हाला मी सतरा वर्षं 'ए डाववाली' म्हणून हाक मारली, म्हणून हे 'तुम्ही' वाचून तुम्हाला वाटेल दुसऱ्याच कुणाचं पत्र चुकून आलं. नाही. वसतिगृहाची कोठीवाली लिहिते आहे.

तो माशांचा डबा मी ओट्यावर टाकून गेले. तो आत ठेवायचं काम माझं होतं. मी दोनला निघाले आणि वहीत पाच लिहिले. चौकशीत मी खोटं बोलले, तुम्ही समोर उभ्या असताना. तुमची काहीच चूक नव्हती. हेच सगळं मी वसतिगृहाच्या व्यवस्थापकांना आज वेगळं लिहिलं आहे, सही करून. त्याची नक्कल सोबत जोडली आहे. तुम्हाला जिथे दाखवायची असेल तिथे दाखवा. ते माझी पेन्शन थांबवतील की काय करतील ते करोत, ते मला बघायचं आहे, तुम्हाला नाही.

माफी मागायची म्हणून तीनदा कागद घेतला. तिन्हीदा त्यात माझंच रडगाणं झालं, माझी बहीण, माझी घाई, माझं नशीब. म्हणून फाडून टाकले. तुम्हाला काढल्यावर तुमच्या घरात चूल कशी पेटली, ते मी कधी विचारलं नाही. रस्त्यात एकदा तुम्ही दिसलात, तर मी दुकानात शिरून फिनेलची बाटली विकत घेतली. तुम्ही मला बघितलं होतं.

हे मी आपणहून लिहिलं असं समजू नका. मला लिहायला लावलंय. माझी धाकटी बहीण आजारी आहे, आणि हे पत्र टपालाच्या पेटीत पडल्याशिवाय माझ्या हातचा घास खाणार नाही म्हणते. तिच्यासाठी लिहिते आहे की तुमच्यासाठी, ते मला नीट सांगता येत नाही. पण लिहिलंय त्यातला शब्दन्‌शब्द खरा आहे.

उत्तर दिलं नाहीत तरी चालेल. द्यायचं झालं तर जे तोंडात येईल ते लिहा, मी शेवटपर्यंत वाचीन.

भाची चप्पल घालून दारात उभी आहे, पेटी रस्त्याच्या टोकाला आहे. आत माझ्या बहिणीच्या पोटात सकाळपासून पाण्याशिवाय काही गेलेलं नाही आणि शेगडीवर सूप गरम आहे. म्हणून अक्षर घाईचं आलंय. इथेच थांबते.